आइसलँड, व्हाया वडखळ

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्याची एक दिवसाची सहल मोठी आटोपशीर असते. सकाळी रेक्याविकहून बस निघते, देशाला वळसा घालणाऱ्या एक नंबरच्या रस्त्याला लागते, १८०-१९० किलोमीटरवरच्या व्हिक नावाच्या टीचभर गावापर्यंत जाते आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत येते. दहा-अकरा तासांत सेल्यालांद्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन धबधबे, सोल्हेमायोकुल ही हिमनदी आणि रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा एवढा ऐवज पदरात पडतो. २०१५ साली ‘दिलवाले’मधल्या ‘गेरुआ’ गाण्याचं चित्रीकरण याच मुलखात झालं, तेव्हापासून हा किनारा मराठी मध्यमवर्गाच्याही ओळखीचा झाला आहे. ज्याला परवडतं त्याने जरूर जावं, आतून थर्मल आणि बाहेरून रेनकोट घालून जावं. माझं म्हणणं इतकंच, की पनवेलच्या माणसाने तिथे उभं राहून ‘असलं काही आपल्याकडे नाही’ असं म्हणू नये. तो खडक आपल्याकडे आहे. धबधबा आहे. काळी वाळू आहे. बर्फाचीही सोय होऊ शकते, तिच्याकडे यथावकाश येतो. नाही तो फक्त बसमध्ये पुढे उभा राहून, माइक हातात धरून ‘आता डावीकडे बघा’ म्हणणारा माणूस. आइसलँडला आपण पैसे मोजतो ते डावीकडच्या दृश्याचे नव्हे, त्या वाक्याचे.

पुरावा खडकापासून घेऊ, कारण तो सगळ्यात जुना साक्षीदार आहे आणि उलटतपासणीत फुटत नाही. आइसलँड बेसाल्टचं, पनवेलही बेसाल्टचं. आइसलँडमधले सगळ्यात जुने खडक दीड-पावणेदोन कोटी वर्षांचे, आपले साडेसहा कोटींच्या आगेमागे. म्हणजे या धंद्यात आपण थोरले. पसाराही आपलाच मोठा. दख्खनच्या लाव्ह्याने आज झाकलेला प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो आणि अख्खं आइसलँड १ लाख ३ हजार. २०१० साली तिथल्या एयाफ्यालायोकुलने राख उडवली, तर युरोपातली विमानं आठवडाभर जमिनीवर बसली आणि जगभर बोभाटा झाला. आपला लाव्हा वाहिला त्या सुमाराला डायनासोर संपले. ते त्याच्यामुळे संपले की आकाशातून आदळलेल्या अशनीमुळे, हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे, पण संशयितांच्या यादीत आपलं नाव आहे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. इतक्या मोठ्या घटनेचा वारसा असलेल्या गावाला जगाने ओळखावं ते एक्स्प्रेसवेच्या अलीकडचा चहाचा थांबा म्हणून, याला काय म्हणावं?

भूशास्त्रज्ञांनी मात्र पनवेलवर अन्याय केलेला नाही. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक सपाट बसलेले दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात ते समुद्राकडे वाकतात. या वाकण्याला जगभरचे अभ्यासक ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. त्याच्याकडे १९४९ सालच्या एका निबंधातून लक्ष वेधलं ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या जॉन बिक्नेल ऑडन या इंग्रजाने. हा कवी डब्ल्यू. एच. ऑडनचा थोरला भाऊ. हिमालयातल्या हिमनद्यांवर त्याने पायपीट केली होती, आणि गढवालातल्या एका उंच खिंडीला आजही त्याचं नाव आहे. हिमनदी आणि पनवेल या दोन्हींकडे सारख्याच गांभीर्याने पाहणारा असा माणूस पुन्हा झाला नाही. थर वाकले त्यामागची हकिगत तर एखाद्या भाऊबंदकीच्या नाटकाला शोभावी अशी आहे. उपखंडाचा पश्चिम काठ फाटला आणि त्या फाटाफुटीत आपला शेजारी वेगळा होऊन समुद्रात दूर निघून गेला. त्याचं आजचं नाव सेशेल्स. पनवेलचं नवपरिणीत जोडपं मधुचंद्राला सेशेल्सला जातं, तेव्हा ते एका अर्थी तुटलेल्या भावकीकडे तिकीट काढून जात असतं. आइसलँडमध्ये थिंगवेत्लिर इथे भूपट्ट आजही वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर वेगाने दूर सरकतात आणि त्या भेगेतून चालायला पर्यटकांची रांग लागते. जमीन फाटण्याचा प्रयोग आपल्या किनाऱ्यावर त्याहून मोठ्या प्रमाणावर झाला होता. प्रेक्षक नव्हते, हा भाग वेगळा.

आता धबधबा. स्कोगाफॉसची उंची ६० मीटर, सेल्यालांद्सफॉसचीही तेवढीच. खारघरच्या पांडवकड्याची १०७. आकड्यांपुरता सामना इथेच संपतो. दंतकथेतही आपण मागे नाही. स्कोगाफॉसच्या मागे थ्रासी नावाच्या जुन्या वसाहतवाल्याने सोन्याची पेटी लपवली म्हणतात. पांडवकड्याखाली पांडवांनी आंघोळ केली म्हणतात. पांडवांनी वनवासात महाराष्ट्रातली इतकी लेणी, कुंडं आणि कडे ‘केले’ आहेत, की आखीव कार्यक्रमाने फिरणारा आपल्याकडचा पहिला ग्रुप म्हणून त्यांचीच नोंद व्हायला हवी. पाच पुरुष, एक बाई आणि सामान उचलायला भीम. पण पांडवकड्याची खरी अडचण वेगळी आहे. तिथे माणसं वाहून गेली, बुडाली, आणि म्हणून पावसाळ्यात तिथे जायला बंदी घातली जाते. बंदी योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा, की धबधबा असतो तेव्हा जाता येत नाही आणि जाता येतं तेव्हा धबधबा नसतो. मे महिन्यात कोरड्या कड्यासमोर उभं राहून ‘इथे पाणी पडतं’ अशी कल्पना करण्याला काही लोक अध्यात्म म्हणतील. सहल कंपनी त्याला परतावा मागण्याचं कारण म्हणेल.

माणसं तिथे का वाहून जातात याचा विचार केला तर मूळ मुद्द्याला बळकटीच येते. आपण धबधबा बघायला जातच नाही, भिजायला जातो. डोक्यावर पाणी घेऊन आरोळी ठोकली, बाहेर येऊन भाजलेलं कणीस आणि भजी खाल्ली की वर्षासहल सुफळ संपूर्ण. यात मला काही कमीपणा वाटत नाही. ४ अंश सेल्सिअसच्या पाण्याखाली आरोळी ठोकण्याची सोय आइसलँडकरांना नाही, म्हणून ते बिचारे लांबून बघतात. पण केवळ बघण्यातही काही मिळतं, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. सेल्यालांद्सफॉस आणि स्कोगाफॉस ज्या कड्यांवरून कोसळतात ते एके काळी समुद्रकाठचे कडे होते, पुढे समुद्र मागे हटला आणि कडे आत राहिले, हे तिथला गाईड बस थांबायच्या आधी सांगून टाकतो. मग खाली उतरलेला माणूस नुसतं पाणी बघत नाही, गेलेला समुद्रही बघतो. पांडवकड्याच्या समोर, सुरक्षित अंतरावर, असं एखादं वाक्य उभं करता आलं असतं. तिथे नेमकं काय बघायचं हे कळलं असतं तर चार पोरं कमी भिजली असती, आणि तेवढीच कमी बुडाली असती.

काळ्या वाळूच्या बाबतीत आमचा न्यूनगंड तर बघण्यासारखा आहे. अलिबागचा किनारा काळपट आहे, कारण तो आपल्याच बेसाल्टचा भुगा आहे. नद्यांनी खडक झिजवला, लाटांनी तो चाळला, जड आणि काळे कण मागे राहिले. रेनिसफ्यारातही हेच झालं, लाव्हा फक्त ताजा. असं असताना अलिबागला गेलेला माणूस परत येऊन सांगतो, ‘किनारा तसा बरा आहे, पण वाळू काळी आहे हो. पांढरी हवी तर काशीदला जा.’ तोच माणूस रेनिसफ्याराला गेला की काळ्या वाळूत गुडघे टेकवून फोटो काढून घेतो आणि खाली ‘स्वर्ग’ असं लिहितो. रत्नागिरीकरांनी निदान प्रामाणिकपणे काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशी वाटणी करून टाकली आहे. त्यांच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचं खनिज आहे, त्यामुळे तिला काळी म्हणून नाक मुरडणं हे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर नाही. रेनिसफ्याराला षटकोनी खांबांची भिंत आहे, हा युक्तिवाद मला माहीत आहे. अंधेरीच्या गिलबर्ट हिलला काय आहे? तेच खांब, साठ मीटरच्या वर उभे, डोक्यावर देवीचं देऊळ आणि चहूबाजूंनी इमारती. लाव्हा हळूहळू थंड होताना आक्रसतो आणि त्याला बहुकोनी भेगा पडतात, हा नियम अंधेरीतही लागू आहे. आइसलँडच्या खांबांवर पफिन बसतात आणि आमच्या टेकडीच्या पायथ्याशी रिक्षा, एवढाच काय तो फरक.

इथे प्रतिपक्षाचे वकील उठून उभे राहतात. ठीक आहे, पाणी आहे, वाळू आहे, खांब आहेत, हिमनदी दाखवा. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला बगल देणं शोभणार नाही. महाराष्ट्रात हिमनदी होती याचा पुरावा चंद्रपूरजवळ इरई इथे, पैनगंगेकाठच्या चुनखडकावर मिळतो. सरकत्या बर्फात अडकलेल्या दगडांनी त्या खडकावर ओरखडे काढले, आणि १८७५ साली फ्रान्सिस फेडन या भूशास्त्रज्ञाने ते जगापुढे मांडले. पण हा बर्फ तीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि चंद्रपूर पनवेलहून एका दिवसात होणारं नाही, तेव्हा ही सहल दोन्ही अर्थांनी उशिरा निघाली असं म्हणावं लागेल. जवळचा पर्याय खोपोलीला आहे. तिथल्या इमॅजिकात २०१६ सालापासून स्नो पार्क आहे. भाड्याचा कोट चढवून शून्याखालच्या थंडीत घसरगुंडी खेळता येते. खोट्या बर्फाला नाकं मुरडणाऱ्यांनी खोपोलीचा इतिहास लक्षात घ्यावा. १९१५ पासून टाटांचं जलविद्युत केंद्र त्या गावात घाटमाथ्यावरचं पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून नळांतून खाली सोडून वीज तयार करतं. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाची वीज, विजेचा बर्फ. खोपोलीचा बर्फ हा त्या हिशेबाने गोठवलेला धबधबाच. आइसलँडचीही बहुतेक वीज पाण्यापासूनच होते, पण ती मंडळी तिच्यावर ॲल्युमिनियम गाळतात, बर्फ बनवत नाहीत. त्यांना तो फुकट मिळतो. तूर्तास.

तरीही कुणाला सरकती, भव्य, नैसर्गिक हिमनदीच हवी असेल तर पळस्पे फाट्यावरून अलिबागकडे वळावं. मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचं काम २०११ साली सुरू झालं, आणि त्यानंतरच्या वर्षांत या रस्त्याने जे रूप धारण केलं त्याचं वर्णन हिमनदीशास्त्राच्या परिभाषेतच करता येतं. हिमनदी स्वतःच्या वजनाखाली, डोळ्यांना जाणवणार नाही इतक्या वेगाने सरकते. गणपतीच्या आदल्या दिवशी वडखळच्या अलीकडची वाहनांची रांग बघावी. उतार बदलला की हिमनदीला खोल भेगा पडतात आणि वाटाड्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नये असा तिथला नियम आहे. आपल्याकडे भेगा सपाटीलाही पडतात आणि वाटाड्या म्हणून पुढचा टेम्पो असतो. हिमनदी आपल्या दोन्ही कडांना आणि तोंडाशी दगड, खडी, मुरूम यांचे ढिगारे टाकून ठेवते आणि ती निघून गेल्यावरही हजारो वर्षं ते तिथेच असतात. यावर वेगळं भाष्य नको. सगळ्यात सूक्ष्म साम्य पुढेच आहे. हिमनदीतला बर्फ सतत पुढेच वाहत असतो, तरीही तिचं तोंड मागे मागे जाऊ शकतं, कारण पुढे येणाऱ्या बर्फापेक्षा वितळणारा बर्फ जास्त असतो. काम चालू आहे आणि काम संपत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कोडं भौतिकशास्त्राने असं फार पूर्वीच सोडवलेलं आहे.

ही थट्टा सोडली तर बर्फाचा मुद्दा आइसलँडवरच उलटतो. त्यांचा बर्फ चालला आहे. ओक नावाची त्यांची हिमनदी इतकी झिजली, की सरकायला लागणारी जाडीच उरली नाही, आणि २०१४ साली तिला हिमनदीच्या यादीतून काढण्यात आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये लोक चालत त्या डोंगरावर गेले, देशाच्या पंतप्रधान बरोबर गेल्या, आणि अंद्री स्नेर मागनासोन या लेखकाने लिहिलेला मजकूर असलेला एक पितळी-तांब्याच्या रंगाचा फलक त्यांनी खडकात बसवला. पुढच्या पिढ्यांना उद्देशून लिहिलेला तो मजकूर आहे. सोल्हेमायोकुलचंही तोंड मागे हटलं आहे आणि जिथे बर्फ होता तिथे आता तळं आहे. जवळच्या गावातल्या शाळेची मुलं २०१० पासून दरवर्षी जाऊन ते अंतर मोजतात. एक दिवसाच्या सहलीतला गाईड हेही सांगतो, आणि पर्यटक गेलेल्या बर्फाच्या जागेकडे बघून हळहळतात. लक्षात घ्या, नसलेली वस्तू बघायला ते पैसे देत आहेत. मे महिन्यातल्या कोरड्या पांडवकड्याला मग कुणी हसू नये. त्याच्यापाशी फक्त सांगणारा नाही.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. तिथे प्लॅस्टिकची पिशवी दिसत नाही, शौचालय असतं, गाडी लावायचे पैसे यंत्रात भरावे लागतात आणि लोक ते भरतातही. हे मला पूर्ण मान्य आहे आणि यावर आपल्या बाजूने बोलण्यासारखं काही नाही. शिस्तीच्या आक्षेपावर मात्र थोडं बोलता येईल. रेनिसफ्याराच्या लाटा फसव्या आहेत. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एक लाट दूरवर वर चढते, आणि तिने शिस्तबद्ध देशांतल्या शिस्तबद्ध पर्यटकांनाही ओढून नेलं आहे. म्हणून तिथे आता धोक्याचे दिवे आहेत: दिवा लाल असला तर खाली उतरायचं नाही. दिव्याकडे पाठ करून फोटो काढणारे तिथेही आहेत. अलिबागेत कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, आणि भरतीची वेळ विसरलेले लोक तटावर अडकून बसतात. माणूस इथून तिथून सारखाच. त्यांच्याकडे सूचना जागेवर आणि वेळेनुसार बदलते. आपल्याकडे सूचना एकदा लिहून गंजायला सोडलेली असते, नाहीतर सरसकट बंदी असते. मधलं काही नाही.

तिसरा आक्षेप उच्चभ्रू आहे आणि तो गाईडवरच घसरतो. खरा प्रवासी एकटा फिरतो, झेंड्यामागून जाणारा कळप काही बघत नाही, वीस मिनिटांत धबधबा कसला कळतो, वगैरे. हे बोलणारी माणसं बहुधा आदल्या रात्री त्या धबधब्याबद्दल चार तास वाचून आलेली असतात, म्हणजे त्यांनीही गाईड घेतलेला असतो, फक्त मुका. वीस मिनिटं पुष्कळ झाली. स्वतःच्या गावातल्या डोंगराकडे आपण जन्मभरात मिळून तेवढं तरी बघतो का? कर्नाळ्याच्या सुळक्याचंच घ्या. गोव्याच्या रस्त्याने जाणारे लक्षावधी लोक त्या अंगठ्यासारख्या सुळक्याखालून जातात आणि फार तर ‘आला कर्नाळा’ म्हणतात. व्हिकच्या समुद्रातले सुळके मात्र त्यांना नावानिशी माहीत असतात: जहाज ओढताना सूर्य उगवला म्हणून दगड झालेले राक्षस. जवळचं सोडून लांबचं पाहण्याची परंपरा आपल्या भागात जुनी आहे हे खरं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेला गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले, आणि त्यामुळे मराठीला ‘माझा प्रवास’ मिळाला. ते वरसईतच राहिले असते तर आपलं नुकसान झालं असतं. पण भटजींनी परत येऊन जे पाहिलं ते सांगितलं, आणि सांगण्याची ही विद्या त्यांच्या गावाच्या आसपासच्या डोंगरांना अजून लाभलेली नाही.

सगळ्यात मोठा पुरावा मी मुद्दाम मागे ठेवला होता. पनवेलजवळच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि नाताळच्या दिवशी तिथून विमानं उडू लागली. त्यासाठी उलवे नदी वळवावी लागली आणि उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट करावी लागली. ही टेकडी नव्वद मीटरच्या आसपास उंच होती, म्हणजे दीड स्कोगाफॉस. साडेसहा कोटी वर्षांचं बेसाल्ट फोडून आपण धावपट्टी केली. आता तिच्यावरून उडून, मध्ये कुठेतरी विमान बदलून, फार तर दीड-पावणेदोन कोटी वर्षांचं बेसाल्ट बघायला जाऊ. विमानतळ नको होता असं मी म्हणत नाही. गावंच्या गावं उठवून बांधलेल्या गोष्टीविषयी टेकडीच्या नावाने गळा काढणं हे तर चुकीच्या ठिकाणी रडणं होईल. पण चार लाखांहून कमी वस्तीचा देश एका वितळलेल्या हिमनदीसाठी डोंगर चढून फलक लावतो, आणि महापालिकेची आजची हद्द धरली तर २०११ च्या जनगणनेतच पाच लाखांवर गेलेल्या आमच्या शहराच्या उंबऱ्यावर, जिथून वर्षाला लाखो लोक उडणार आहेत, ‘इथे एक टेकडी होती, ती अमुक दगडाची होती, हे थर इथे समुद्राकडे वाकतात’ अशी तीन वाक्यं लिहायला एक भिंत सापडत नाही, हे मला हास्यास्पद वाटतं. प्रवाशाला सुरक्षा तपासणीत पट्टा काढून उभं राहायचंच असतं. तेवढ्यात वाचून होईल.

राहिला प्रश्न माणसाचा. माइक कोण धरणार? भूशास्त्राचे प्राध्यापक आणावेत असं कुणी सुचवेल, पण प्राध्यापक पळस्प्यालाच लाव्ह्याच्या पहिल्या थरात शिरतील आणि अलिबाग येईपर्यंत बाहेर पडणार नाहीत. रेक्याविकचा गाईडही भूशास्त्रज्ञ नसतो. त्याला कुणीतरी आठ-दहा गोष्टी नीट समजावून दिलेल्या असतात, आणि बाकी वेळ तो मेंढ्यांबद्दल बोलतो. माझा उमेदवार एस.टी.चा कंडक्टर आहे. प्रत्येक थांब्याचं नाव खणखणीत आवाजात पुकारण्याचा त्याला सराव आहे. माणसं मोजता येतात, सुट्ट्या पैशांवरून वाद मिटवता येतात, आणि वडखळच्या कोंडीत तासभर अडकलेल्या गर्दीसमोर काय बोलावं याचा अनुभव तर आइसलँडमधल्या कुठल्याही गाईडपेक्षा जास्त आहे. त्या तासात त्याने पनवेल फ्लेक्शर सांगून टाकावा. ऐकणारे जाणार कुठे? शाळांच्या सहलींना एस.टी. सवलत देतेच, तेव्हा पहिली गाडी मुलांची भरावी. पनवेल आगारातून सकाळी सहाला निघावं, खारघरला लांबून पांडवकडा दाखवावा, खोपोलीला बर्फ उरकावा आणि भरतीच्या आत अलिबागची काळी वाळू गाठावी. फोटोसाठी कुणी रेंगाळलं तर रेक्याविकचा गाईड घड्याळाकडे बघत नम्रपणे हसतो. आपला माणूस डबल बेल देतो.